अभ्यासाचं विचारलं की पोरगा बाटल्यांचं सांगतो

औसा तालुक्यातलं एक जोडपं लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलगा एम.एस.साठी जर्मनीत. वडील म्हणाले, "मॅडम, कर्ज काढून धाडलं. अभ्यासाचं विचारावं तर ह्यो बाटल्यांचं सांगायलाय. डोकं ठिकाणावर हाय ना त्याचं?"

नेमकं काय सांगतो, विचारलं. आईला सगळं पाठ होतं. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात ठेवायची. यंत्र ती गोल फिरवून बघतं, आत ओढून घेतं आणि चिठ्ठी देतं. बाटलीमागे 25 सेंट बिलातून वजा. रविवारी किराणा दुकानं बंद, म्हणून पहिल्याच रविवारी पोरगं कोऱ्या चहावर राहिलं. घंटीपाशी घर नंबर नाही, आडनाव असतं. याचं लावलेलं नव्हतं, तर पार्सल परत गेलं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार.

पोराचं काही बिघडलेलं नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. गावात आपण कितीतरी कामं विचार न करता उरकतो. तिथं दूध आणायचं तरी वार बघा, कचरा टाकायचा तरी कुठला डबा ते वाचा. यातच जीव दमतो. रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस बेचैन होतो, हे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 सालीच 'कल्चर शॉक'वरच्या लेखात मांडलंय.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वडील दर वेळी "ते ऱ्हाऊ दे, परीक्षेचं सांग" म्हणायचे, आणि पोराचे फोन आखडत चालले होते. सांगणारं लेकरू गप्प व्हायला लागलं, की आईबापांनी सावध व्हावं. त्यात झोप उडाली, जेवण तुटलं, वर्गाला जाणं थांबलं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर तिथल्याच समुपदेशकाकडे जायला सांगावं. जर्मनीत विद्यार्थी सेवा संस्थांकडे ही सोय असते, बहुतेक ठिकाणी मोफत.

वडिलांना एवढंच म्हटलं, पुढच्या फोनला बाटल्यांचंच विचारा.

त्यांनी विचारलं, "काचेची बाटली घेतं का रं ते यंत्र?" पोरगा बराच वेळ बोलत राहिला. मग आपणहून म्हणाला, "बाबा, एका विषयात अडकलोय." पुढच्या भेटीत आम्ही त्या विषयाचं बोललो.