लाइन ओपन करण्याआधी पडद्यावर काय दिसावं

प्रिय नव्या अभियंत्यास,

लोड डिस्पॅचच्या, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या, पडद्यांचं काम तुझ्याकडे आलंय, तर सुरुवात पावसाळी रात्रीच्या हाय व्होल्टेजपासून कर. कृषिपंप बंद, एसी बंद, लाइनवर भार नाही. 400 केव्हीची बस (सबस्टेशनमधल्या सगळ्या लाइन जिला जोडतात ती सामाईक वाहिनी) 420 केव्हीच्या मर्यादेकडे सरकू लागते. ट्विन मूसची (दर फेजला दोन जाड तारांची) 100 किलोमीटरची रिकामी लाइन एकटीच साधारण 55 एमव्हार, म्हणजे व्होल्टेज चढवणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, ग्रिडमध्ये ढकलते. एमव्हार पुरवणारे कपॅसिटर काढले, ते शोषणारे रिअ‍ॅक्टर घेतले, ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलले, जनित्रांनी जमेल तेवढे एमव्हार शोषले, तरी भागेना, की मग एखादी लाइन ओपन करायची, म्हणजे तिचे ब्रेकर (जोडणारे-तोडणारे स्विच) उघडून ती ग्रिडपासून सोडवायची. कोणती, हे ऑपरेटर तुझ्या पडद्यावर बघून ठरवतो.

बहुतेक पडदे आत्ताचं दाखवतात. त्याला हवं असतं ओपन केल्यानंतरचं. समज, अ लाइनवर 140 मेगावॉट आहेत, समांतर ब वर 310, आणि अ चा 0.6 हिस्सा ब वर वळणार आहे. म्हणजे ब वर 310 अधिक 84, एकूण 394. हा आकडा ब शेजारी फिक्या रंगात आधीच दिसू दे. त्याखाली लगेच: मग ब ट्रिप झाली (आपोआप सुटली) तर ओव्हरलोड कुणावर? दोन्ही टोकांना व्होल्टेज किती केव्हीने उतरेल, तेही तिथेच. दोनच केव्ही उतरणार असेल तर ती लाइन ओपन करण्यात अर्थ नाही.

आधीच ओपन असलेल्या सगळ्या लाइनची यादी कायम समोर ठेव. एकेक लाइन सुटी पाहिली तर प्रत्येक वेळी निर्णय बरोबरच वाटतो. 30 जुलै 2012च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळलं, तेव्हा त्या कॉरिडॉरमधल्या बऱ्याच लाइन आधीच बाहेर होत्या. फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा दोष) नव्हताच, वाढलेला भार आणि उतरलेलं व्होल्टेज डिस्टन्स रिलेच्या, म्हणजे फॉल्ट ओळखून लाइन तोडणाऱ्या उपकरणाच्या, झोन 3ला (लांबवरचं पाहणाऱ्या टप्प्याला) फॉल्टसारखं दिसलं.

व्होल्टेजचा रंगीत नकाशा देखणा दिसतो, साहेबलोकांना आवडतोही, पण फसवतो. लाइन मेली की तिचा सीव्हीटी (व्होल्टेज मोजणारं उपकरण) शून्य दाखवतो. तो आकडा नकाशात घेतलास तर हाय व्होल्टेजच्या लाल पट्ट्यात मधेच गडद निळं डबकं उमटतं आणि तिथे लो व्होल्टेज आहे असं वाटतं. फक्त बसचे, आणि त्यातही फक्त चार्ज असलेल्या (व्होल्टेज असलेल्या) बसचे आकडे घे. 220 आणि 400 एकाच नकाशात मिसळू नकोस.

रंगांचंही बघ. सबस्टेशनमध्ये लाल म्हणजे ब्रेकर क्लोज, हिरवा म्हणजे ओपन. डॅशबोर्डवाल्यांचा ‘हिरवा म्हणजे ठीक’ इथे आणलास तर गोंधळ ठरलेलाच. शिवाय दीड ब्रेकर पद्धतीत (दोन लाइनना मिळून तीन ब्रेकर) मेन, म्हणजे बसकडचा, आणि टाय, म्हणजे मधला सामाईक, दोन्ही ओपन झाल्याशिवाय लाइन सुटत नाही, तेव्हा नुसत्या मेनवरून रेषेचा रंग ठरवू नकोस. दोन्ही टोकं वेगवेगळी दाखव. एकच टोक ओपन राहिलं तर लाइन चार्जच असते, आणि त्या टोकाचं व्होल्टेज उलट चढतं. रिअ‍ॅक्टर नसलेल्या 300 किलोमीटरच्या लाइनवर हे पाच टक्क्यांच्या आसपास जातं.

आरटीयूचा (सबस्टेशनमधून आकडे पाठवणाऱ्या यंत्राचा) संपर्क तुटला की शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. खरं व्होल्टेज सतत थोडं हलतं. ट्रेंड पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसला तर डेटा मेलाय समज. असा आकडा करडा कर आणि शेजारी शेवटची वेळ टाक.

पहाटे भार चढला की तीच लाइन परत घ्यायची. ताकदवान टोकाकडून चार्ज करायची, दुसऱ्या टोकाला सिंक्रोनाइझ, म्हणजे दोन्ही बाजूंचं व्होल्टेज आणि कोन जुळवून जोडायची. त्या टोकाच्या ब्रेकरशेजारी व्होल्टेजचा फरक, कोनाचा फरक आणि ही जुळणी तपासणाऱ्या सिंक्रो-चेक रिलेची सेटिंग एका ओळीत दे. कोन सेटिंगबाहेर असेल तर ब्रेकर क्लोज होणार नाही, आणि कोणत्या जनित्राचं उत्पादन कमी-जास्त केलं की कोन उतरेल हे ऑपरेटरला तेव्हा लागेल.

पडदा तयार झाला की एखाद्या जुन्या रात्रीचा डेटा त्यावर चालव आणि नाइट शिफ्टच्या माणसाला समोर बसव. काही समजावून सांगू नकोस. त्याचं बोट कुठे अडतं तेवढं लिहून घे.