गाडी स्वस्त आहे, पण बारा वर्षं ठेवणार का?

प्रश्न : मी गडहिंग्लजला पतसंस्थेत नोकरीला आहे. बायको शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार येतात. घराचा हप्ता १४ हजार, मुलीच्या नावाने ६ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक). एसआयपीचे पैसे न कापता महिन्याला १७ हजार उरतात. बँकेत ३ लाख २० हजारांची एफडी आहे. मुलगी सहावीत आहे. वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, म्हणून पहिली गाडी घ्यायची आहे. एका कमी खपाच्या कंपनीची छोटी पेट्रोल गाडी आवडली आहे. टॉप मॉडेल ऑन-रोड, म्हणजे कर-विमा-नोंदणीसकट, ६ लाख १० हजारांना पडतं. शोरूमवाले ५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी देतायत. मेव्हणा म्हणतो, "ही कंपनी उद्या गाशा गुंडाळेल, त्यापेक्षा जुनी वॅगनआर घे." काय करू?

उत्तर : कंपनीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय, मी इथे छापत नाही. दुसऱ्या तीन-चार कंपन्यांच्या बाबतीतही मी हेच लिहिलं असतं.

मेव्हण्यांची भीती पोकळ नाही. निस्सानने दात्सुन हा जुना ब्रँड खास स्वस्त गाड्यांसाठी पुन्हा उभा केला, २०१४ साली 'गो' आणली आणि २०२२ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं. शेव्हरोलेने २०१७ अखेर इथली विक्री बंद केली. त्यांचा कारखाना तर आपल्या तळेगावात होता, तो आता ह्युंदाईकडे गेला. फोर्डने २०२१ मध्ये हात वर केले. म्हणजे मोठं नाव असलं की कंपनी टिकते, असंही नाही.

कंपनी गेल्यावर मालकाचं नेमकं काय बिघडतं? फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर या गोष्टी बाजारात मिळत राहतात. अडतं ते हेडलाइट, बंपर, दरवाजा, काच आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरसारख्या वस्तूंवर, कारण त्या एकाच मॉडेलच्या असतात. माझ्याकडे अशीच एक गाडी होती. मागचा दिवा एका दुचाकीवाल्याने फोडला आणि नवा यायला अडीच महिने लागले. तोवर लाल चिकटपट्टी लावून फिरलो, सल्लागार असून. पण गाडी चालत होती आणि पुढेही बरीच वर्षं चालली. खरा फटका बसला तो विकताना.

आणि म्हणूनच मला तुमच्याकडून पहिल्यांदा एकच गोष्ट हवी आहे : ही गाडी किती वर्षं ठेवणार?

हिशेब मांडू. टॉपऐवजी मधलं मॉडेल घ्या, ते तुम्हीच कळवल्याप्रमाणे ५ लाख ३५ हजारांना आहे. त्यात १ लाख ३५ हजार स्वतःचे घाला आणि ४ लाख कर्ज काढा, पाच वर्षांसाठी. व्याज ९ टक्के धरलं तर हप्ता सुमारे ८,३०० येतो आणि एकूण व्याज ९८ हजार. आता शोरूमवाल्यांचा प्रस्ताव बघा : ५ लाख, सात वर्षं, त्याच दराने हप्ता सुमारे ८,०५० आणि एकूण व्याज पावणेदोन लाखांच्या वर. हप्त्यात फरक अडीचशे रुपयांचा आणि व्याजात जवळजवळ ७८ हजारांचा. सात वर्षांचं कर्ज फिटेल तेव्हा मुलगी बारावी होऊन कॉलेजात असेल. पाच वर्षांचं ती अकरावीत असतानाच संपेल, म्हणजे खर्चाची खरी वर्षं सुरू व्हायच्या आधी हात मोकळा. मला व्याजापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

मधल्या मॉडेलमध्ये मोठी स्क्रीन नसेल, अलॉय व्हील नसतील. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) मात्र दोन्हींत सारखेच आहेत ना, एवढं पक्कं करून घ्या. तिथे फरक असेल तर माझं वरचं गणित फाडून टाका आणि टॉपच घ्या, फक्त पाच वर्षांत बसवून.

आता ठेवण्याचा मुद्दा. गाडीची किंमत आणि व्याज मिळून ६ लाख ३३ हजार. पाच वर्षांनी विकायला काढलीत तर या ब्रँडला गडहिंग्लज-आजऱ्याकडे गिऱ्हाईक शोधावं लागेल, २ लाख आले तरी खूश व्हा. म्हणजे वर्षाला सुमारे ८७ हजार नुसती गाडी दारात उभी राहण्याचे. बारा वर्षं ठेवलीत आणि शेवटी ६० हजारांना दिलीत तरी तोच आकडा ४८ हजारांच्या आत येतो. कमी खपाच्या गाडीत रीसेलची भीती ज्याला विकायची आहे त्यालाच असते. मेव्हण्यांना दर चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर त्यांच्यापुरतं ते बरोबरच सांगतायत.

या ४८ हजारांवर विमा सरासरी १०, सर्व्हिस, टायर वगैरे १५ (सुरुवातीला कमी, आठव्या वर्षानंतर जास्त), आणि पेट्रोल. तुम्ही वर्षाला ७ हजार किलोमीटर म्हणता. लिटरला १७ आणि १०५ रुपये भाव धरला तर ४३ हजार. सगळं मिळून वर्षाला १ लाख १६ हजारांच्या आसपास, किलोमीटरला साडेसोळा रुपये. भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट घेतलीत तर याहून फार महाग पडणार नाही, हेही सांगून ठेवतो. पण रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखलं तर भाड्याची गाडी उंबऱ्यात नसते. त्या सोयीची किंमत तुम्ही ठरवायची, मला ठरवता येत नाही.

महिन्याच्या पैशांत हे बसतं का? हप्ता ८,३०० आणि चालवण्याचा खर्च ५,७०० मिळून १४ हजार. सध्या भाड्याच्या गाडीवर आणि एसटीवर महिन्याला चारेक हजार जातात असं तुम्ही लिहिलंय, ते वाचतील. म्हणजे नवा बोजा १० हजारांचा. १७ मधून ७ उरतात, त्यात एसआयपीचे ६. ओढाताण आहे, पण बसतं. एसआयपीला हात लावू नका. एफडीत १ लाख ८५ हजार राहतील, त्यातलेही शोरूमच्या टेबलावर काढू नका, कितीही ऑफर दाखवली तरी.

सर्व्हिस सेंटर ६०-६५ किलोमीटरवर कोल्हापूरला आहे, याची काळजी तुम्ही केलीत. पण तुम्ही तर दर महिन्याला कोल्हापूरला जाणारच आहात! वर्षातली सर्व्हिस त्यातल्याच एका फेरीत होईल. काळजी आहे ती रस्त्यात बंद पडण्याची. म्हणून सही करण्याआधी गडहिंग्लजमधल्या दोन गॅरेजवाल्यांकडे जा आणि विचारा, "ही गाडी तुमच्याकडे येते का? क्लच कधी बसवलाय का?" दोघांनीही नकारार्थी मान हलवली तर हा ब्रँड सोडा आणि त्याच बजेटमध्ये जास्त खपाची नवी गाडी बघा. एकानेही "येतात की दोन-तीन" म्हटलं तरी मला पुरे. शिवाय शोरूमच्या पार्ट काउंटरवर हेडलाइटची आणि बंपरची किंमत व यायला लागणारे दिवस विचारून घ्या. सेल्समनला नको, काउंटरवरच्या माणसाला.

जुनी वॅगनआर? आपल्याकडे ती विकायला सोपी, म्हणूनच घ्यायला महाग. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. नवीचा भाव उतरला, जुन्या गाड्यांचे मालक मात्र अजून जुन्याच आकड्यांत बोलतात. त्यात जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याजही चढं असतं. माझं मत नवीच्या बाजूने.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा भाव काढा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) सक्तीचा आहे, त्याचा दर ठरलेला असतो, २०२२ च्या दराने १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये अधिक जीएसटी; घासाघीस होते ती बाकीच्या भागात. पहिली पाच वर्षं झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा) ठेवा. 'हँडलिंग चार्ज' दिसला तर खोडायला लावा. वाढीव वॉरंटी मी एरवी नाकारायला सांगतो, पण या ब्रँडला घ्या.

आणि पाडव्याच्या मुहूर्ताची वाट बघू नका. डिसेंबरात शोरूमवाल्यांना जुन्या सालाच्या गाड्या खपवायच्या असतात. जानेवारीत त्या 'मागच्या वर्षीच्या' होतात आणि पुढे गाडी विकायला काढणाऱ्या मालकाला त्याचा तोटा बसतो. तुम्हाला बारा वर्षं विकायचीच नाही, तेव्हा ती सूट सरळ पदरात घ्या. फक्त गाडी यार्डात किती महिने उभी होती ते विचारा, आणि बॅटरी उतरलेली असेल तर नवी बसवून मागा.