‘एड्सग्रस्तांच्या तसबिरी’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: १९८०च्या दशकात अमेरिकेत एड्स झालेल्या माणसांची पोर्ट्रेट छायाचित्रं काढली गेली, त्यांच्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. ‘एड्सग्रस्तांच्या तसबिरी’ हे शीर्षक कसं वाटतं? कानाला छान लागतं, यात वाद नाही. पण माझं मत विचाराल तर दोन्ही शब्द बदला.

आधी ‘ग्रस्त’. ग्रस् म्हणजे गिळणं. पंचांगात ग्रस्तोदित ग्रहण असतं, म्हणजे बिंब उगवतं तेच ग्रासलेलं. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, व्याधिग्रस्त, सगळीकडे माणूस आपत्तीच्या तोंडात सापडलेला. आता कुणी म्हणेल, धरणग्रस्तांनी हाच शब्द छातीवर मिरवून लढे दिलेच की! दिले, आणि तिथे तो शोभतोही. कारण गिळणारा कोण हे त्यात ठरलेलं आहे आणि त्याच्याकडून जमिनीच्या बदल्यात जमीन मागायची आहे. तो शब्द त्यांनी स्वतः चालवला. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिताय त्यांनी मात्र नेमका उलटा निर्णय घेतला होता, आणि तोही लेखी.

बॉबी कॅम्पबेल नावाचा सॅन फ्रान्सिस्कोतला एक नर्स होता. १९८१मध्ये त्याला कापोसी सार्कोमा असल्याचं निदान झालं. हा कातडीवर जांभळट डाग उठवणारा कर्करोग. त्या आजाराला तेव्हा ‘एड्स’ हे नावसुद्धा पडलेलं नव्हतं. यानं काय केलं, तर आपल्या अंगावरच्या डागांचे फोटो कॅस्ट्रो स्ट्रीटवरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेत लावले. असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. या साथीतल्या अगदी सुरुवातीच्या सार्वजनिक छायाचित्रांपैकी ही, आणि ती लावणारा माणूस स्वतःच त्या छायाचित्रांत! १९८३च्या जूनमध्ये डेन्व्हरला एका आरोग्य परिषदेत तो, मायकेल कॅलन आणि एड्स असलेले आणखी काही जण एकत्र बसले आणि त्यांनी एक जाहीरनामा लिहिला. त्याची सुरुवातच शब्दचर्चेनं होते. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, त्यात हार गृहीत धरलेली आहे. ‘रुग्ण’ आम्ही अधूनमधूनच असतो. आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. कॅम्पबेल १९८४मध्ये वारला.

एवढं झाल्यावर मराठीतले पर्याय तपासायला फार वेळ लागत नाही. ‘बळी’ आणि ‘पीडित’ त्यांनीच बाद केल्यासारखे आहेत. (‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या भाषेला ‘बळी’चा दुसरा अर्थही ठाऊक आहे, पण ‘एड्सचे बळी’मध्ये तो राजा काही आठवत नाही.) ‘बाधित’ करोनाच्या काळात सरसकट झाला, मला त्यात आकडेवारीचा तक्ता दिसतो, शिवाय ‘बाधा’ म्हटलं की मागून अंगारा-धुपारा येतोच. ‘एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती’ हे पत्रकांचं मराठी. भावना चांगली, पण आजारासह जगणं हे आपण बोलताना म्हणत नाही. बोलताना आपण ‘तो पॉझिटिव्ह आहे’ असं म्हणतो. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याच्या कारणावरून १९८९मध्ये पोलिसांनी उचलून ६४ दिवस डांबून ठेवलं. पुढे त्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या नावात हाच ‘पॉझिटिव्ह’ आहे. पण तुमच्या लेखाचा काळ आणि ती छायाचित्रं एड्सच्या नावानं ओळखली जातात, तेव्हा ‘एड्स असलेली माणसं’ बरं. ‘झालेली’ मीही वर वापरलंय आणि ते चूक नाही. ‘असलेली’मध्ये मात्र माणूस अजून चालू वर्तमानात राहतो.

आता ‘तसबीर’. मूळ अरबी, अर्थ चित्र. पण मराठी घरात तसबीर म्हणजे भिंतीवरची चौकट: देवांची, नाहीतर गेलेल्या आजोबांची, हार घातलेली. जिवंत माणसाची तसबीर लावली तर घरातलं कुणीतरी ‘अरे, अजून आहे तो’ म्हणेल. आणि त्या छायाचित्रांवरून झालेलं भांडण बरोबर याच मुद्द्याचं होतं. १९८८मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात निकोलस निक्सन यांचं प्रदर्शन भरलं. मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेली कृष्णधवल छायाचित्रं, त्यांत एड्स असलेल्या काही जणांची महिनोन् महिने टिपलेली मालिका, प्रत्येक वेळी चेहरा आणखी खंगलेला. तंत्र अव्वल. तरी एड्सच्या प्रश्नावर लढणाऱ्या ‘ॲक्ट अप’ या गटाच्या कार्यकर्त्यांनी तिथे पत्रकं वाटली: संदर्भाशिवाय छायाचित्रं नकोत, आम्हाला चिडलेले, प्रेम करणारे, लढणारे म्हणूनही दाखवा. त्याच वर्षी, त्याच शहरात रोझलिंड सॉलोमन यांनीही एड्स असलेल्यांची मोठ्या आकाराची पोर्ट्रेट मांडली होती. त्यांत घर आहे, जोडीदार आहे, आईवडील आहेत. मला ती जास्त जवळची वाटतात.

तुमच्या बाजूनं एक बिनतोड उदाहरण आहे, ते मीच देतो. अटलांटाच्या बिली हॉवर्ड यांनी काढलेल्या एड्स असलेल्यांच्या छायाचित्रांचं १९८९चं पुस्तक आहे, त्याच्या नावाचा अर्थच ‘जिवंतांचे मृत्युलेख’ असा होतो. मग तसबिरीनं काय घोडं मारलं? फरक एवढाच की त्यात प्रत्येक छायाचित्राखाली त्या त्या माणसानं स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहिलाय. मृत्युलेख ज्याचा त्यानं लिहिला. ‘तसबीर’ मागे राहिलेल्यांनी लावायची असते.

‘व्यक्तिचित्र’ तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण मराठी वाचक ते शब्दांत लिहिलेलं समजून बसेल. ‘मुखचित्र’ म्हटलं तर दिवाळी अंक आठवेल. ‘पोर्ट्रेट’ आता सगळ्यांना कळतो, तोच ठेवा. शीर्षक ‘एड्स असलेल्या माणसांची पोर्ट्रेट’ असं करा आणि दशक उपशीर्षकात टाका. रुक्ष वाटलं तर ‘पोर्ट्रेट’च्या जागी ‘छायाचित्रं’ चालेल. छायाचित्रांखाली मूळ ओळीत नाव दिलेलं असेल तिथे नाव द्या, ‘एक रुग्ण’ नको. आणि हॉवर्डच्या पुस्तकातला हस्ताक्षरातला मजकूर मराठीत आणणार असाल तर वाक्यं तुटक असली तरी तशीच राहू द्या, ‘माझे जीवन’ वगैरे करून सजवू नका.