नववीच्या वर्गात कादंबरी कशी आणावी?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत नववीला मराठी शिकवते. मुलांच्या वयाचे पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वर्गात वाचावे असे फार वाटते. परंतु वर्गात ६० मुले, ३५ मिनिटांची तासिका आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई. त्यातच मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चे नाव काढताच, ‘त्यात प्रेमप्रकरण आहे,’ अशी एका पालकांनी हरकत घेतली. काय करावे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : हरकतीचेच आधी पाहू, कारण बाकीच्या अडचणी वेळापत्रकाच्या आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक मुकुंद नववीतच आहे, काळ आणीबाणीचा आहे, आणि एका मुलीविषयीच्या ओढीइतकीच मित्रांची, शिक्षकांची व घराचीही गोष्ट तीत आहे. त्या पालकांना वाद न घालता पुस्तकच वाचावयास द्यावे. तरीही पटले नाही, तर त्यांच्या पाल्याने दुसरे पुस्तक वाचावे; साठ जणांनी एकच पुस्तक वाचलेच पाहिजे, असा आग्रह आपणही धरू नये.

सुरुवात मात्र मी कादंबरीने करणार नाही. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ या कथासंग्रहातील लंपन नावाच्या शाळकरी मुलाची एखादी कथा निवडावी, आठवड्यातून एका तासिकेची शेवटची दहा मिनिटे राखावीत आणि ती आपण स्वतः मोठ्याने वाचावी. प्रत एकच असल्याची अडचण तेथेच संपते. लंपनची बोली सीमाभागातली, कानडीच्या शेजारची. निपाणी-बेळगावकडे आजोळ असलेली मुले आपल्या वर्गात असतीलच, आणि एरवी गप्प बसणारे एखादे मूल त्या दिवशी शिक्षकांनाच शब्दाचा अर्थ सांगू लागेल. (या दोन्ही लेखकांनी ही पुस्तके खास कुमारांसाठी लिहिलेली नाहीत, बालवाङ्मय आणि प्रौढ साहित्य यांच्यामधली आपली फळी अजून तोकडीच आहे.)

अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकात स्थूलवाचन आहेच; त्याला जोडून हे वाचन बसवता येते. अधिक प्रतींसाठी १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात विचारणा करावी. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाटातून निघालेली पुस्तके सायंकाळी पुन्हा कुलूपबंद होतात, ही आपल्याकडची रीत मात्र मोडा. पुस्तक मुलांच्या दप्तरातून घरी जाऊ द्या, एखादे फाटले तरी चालेल.

एक धोका सांगून ठेवतो. कथा संपताच ‘स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न घातलात, की मुले लंपनचेही गाईड शोधू लागतील. त्याऐवजी ‘लंपनच्या जागी तुम्ही काय केले असते?’ एवढेच विचारा, गुण देऊ नका आणि पहिले काही आठवडे फळ्यावर काही लिहूही नका.