परीकथेतल्या छोट्या घराचे वीटकाम आणि वेली खऱ्यासारख्या कशा कराव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १:२४ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढे, आपण फोमचे एक परीकथेतले घर केले, भिंतीवर रिकाम्या बॉलपेनने विटा कोरल्या, त्यांना लाल रंग देऊन सांध्यांत पांढरा रंग भरला, वर स्पंजच्या तुकड्यांची वेल चिकटवली आणि एवढे करूनही ते घर वाढदिवसाच्या केकसारखे दिसते, ते का. मी बरीच वर्षे अशीच घरे करीत आलो आहे आणि माझी पहिली तीन घरे नेमकी केकसारखीच होती, म्हणून खात्रीने सांगू शकतो की दोष आपल्या हाताचा नाही. अशा घराचे वाकडे धुराडे, खचलेले छप्पर किंवा गुडघ्याएवढा दरवाजा पाहणारा हसत मान्य करतो. पण वीट त्याने जन्मभर पाहिलेली असते आणि तिच्या बाबतीत तो काहीही चालवून घेत नाही. घर कल्पनेतले असले तरी वीट गवंड्याने रचलेली वाटली पाहिजे, वेल जमिनीतून उगवलेली वाटली पाहिजे, आणि जिथे जिथे वाकडेपणा आहे तिथे तो कशामुळे आला हे दिसले पाहिजे.

सुरुवात मापापासून करावी लागेल, कारण आपल्या भिंतीचा निम्मा दोष तिथेच आहे. आपले घर इंग्लंडमधल्या खेड्यातल्या घरावरून घेतलेले आहे, तेव्हा वीटही तिकडचीच धरू. आजची प्रमाण ब्रिटिश वीट २१५ मिलिमीटर लांब व ६५ मिलिमीटर उंच असते आणि दोन विटांमधला सांधा १० मिलिमीटरचा असतो. १:२४ मध्ये ही वीट सुमारे ९ मिलिमीटर लांब आणि २.७ मिलिमीटर उंच होते, तर सांधा उरतो जेमतेम ०.४ मिलिमीटर. बॉलपेनच्या टोकाने पडणारी रेघ साधारण एक मिलिमीटर रुंद असते, म्हणजे खऱ्या घरात जवळजवळ एक इंच रुंदीचा सांधा! असे वीटकाम कोणताही गवंडी करणार नाही, आणि डोळ्याला ते कळते, भले त्याला कारण सांगता न येवो. त्याऐवजी शिसे काढून टाकलेली ०.५ मिलिमीटरची मेकॅनिकल (शिसे बदलण्याची) पेन्सिल वापरावी. आधी नव्या पात्याच्या कटरने फोमच्या पृष्ठभागावर अगदी हलकी चीर द्यावी आणि मग त्या चिरेतून पेन्सिलचे टोक ओढावे. असे केल्याने कडा फाटत नाहीत. घर फार जुने दाखवायचे असेल तर विटेची उंची आणखी कमी करावी, कारण ट्यूडर काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या, विटा साधारण दोन-सव्वादोन इंचच जाड असत. त्या पुढे जाड होत गेल्या, त्यात कराचाही थोडा हात आहे. ब्रिटनमध्ये १७८४ पासून १८५० पर्यंत विटांवर नगावर कर होता, आणि नगावर कर म्हटल्यावर काही वीटवाल्यांनी नगच मोठा केला.

फोम कोणता, यालाही महत्त्व आहे. सजावटीचा दाणेदार थर्मोकोल या कामाला निरुपयोगी आहे, कारण कोरताना त्याचे दाणे उपटून येतात. छताच्या उष्णतारोधासाठी एक्सपीएस नावाचे घट्ट, बारीक पोताचे फोमचे तक्ते मिळतात. त्याचा एक तुकडा वर्षभर पुरतो. कोरून झाल्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा भिंतीवर हलकेच दाबत फिरवावा, म्हणजे विटांना खरबरीतपणा येतो. मग दहा-वीस विटांमागे एखादी वीट बोथट काडीने किंचित आत दाबावी आणि एखादीचा कोपरा नखाने उडवावा. विटा सुट्या कापून चिकटवायच्या असतील तर अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा फार उत्तम, त्याचा पोत विटेच्या पोताशी विलक्षण जुळतो. फक्त चिकाटी हवी, कारण १:२४ मध्ये तळहाताएवढ्या भिंतीलाही चारशेच्या आसपास विटा लागतात.

आता रचना. प्रत्येक थरात लांब विटा अर्ध्या अर्ध्या सरकवून मांडण्याची जी रीत आपण वापरली आहे, ती इंग्लंडमध्ये मुख्यतः विसाव्या शतकातल्या पोकळ भिंतींची आहे. जुन्या घराच्या भिंती एका विटेच्या लांबीएवढ्या जाड असत, त्यामुळे काही विटा भिंतीत आडव्या जात आणि बाहेरून त्यांचे फक्त डोके दिसे. फ्लेमिश बाँड नावाच्या जुन्या रचनेत एकाच थरात एक लांब बाजू आणि एक डोके असे आळीपाळीने येते, आणि वरच्या थरातले डोके खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर बसते. एवढा एक बदल केला तरी भिंत शंभर-दोनशे वर्षांनी मागे जाते. कोपऱ्याकडेही लक्ष द्यावे: दोन्ही भिंतींवरचे थर एकाच उंचीवर जुळले पाहिजेत, आणि जी वीट एका बाजूला लांब दिसते तिचे दुसऱ्या बाजूला डोकेच दिसले पाहिजे. यासाठी दोन्ही भिंती शेजारी शेजारी ठेवून थरांच्या रेघा एकदमच आखाव्यात.

खिडकीच्या वर काय आहे, हा प्रश्न मी प्रत्येक नवशिक्याला विचारतो. बहुतेकांच्या घरात काहीच नसते. विटांचे थर खिडकीवरून सरळ पुढे जातात, जणू त्या हवेत तरंगत आहेत. तिथे उभ्या विटांची चपटी कमान हवी, नाहीतर लाकडी तुळई हवी, आणि ती तुळई दोन्ही बाजूंना भिंतीत चार-सहा मिलिमीटर तरी घुसलेली दिसली पाहिजे. परीकथेच्या घरात ही तुळई मुद्दाम वाकवून घ्यावी, कारण मग तिच्यावरचे दोन-तीन थरही तिच्याबरोबर खाली झुकवता येतात आणि वाकडेपणाला आपोआप कारण मिळते. भेग दाखवायची असेल तर ती खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून सांध्यासांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत न्यावी. छपराचे आढे दोन टोकांच्या भिंतींवर पक्के असते आणि मध्ये खचते. आपल्या घराचे आढे एका टोकाला खचले आहे, पण त्याखालची भिंत मात्र ताठ उभी आहे. घराचा वरचा मजला लाकडी चौकटीचा केला तर चौकटीतल्या जागा विटांऐवजी लिंपूनही भरता येतील. तिकडच्या जुन्या घरांत काटक्या विणून त्यांवर माती, शेण आणि पेंढा थापत असत, म्हणजे आपला कोकणातला कूडच. ज्यांनी कूड जवळून पाहिला आहे त्यांना तिथला पोत वेगळा शिकवावा लागणार नाही.

रंगाच्या बाबतीत पहिली सूचना अशी की फोमवर स्प्रेचा डबा कधीही थेट मारू नये. मी एकदा मारला, आणि तीन आठवड्यांची भिंत चुलीवरच्या पापडासारखी आक्रसत गेलेली पाहत बसलो, कारण स्प्रेमधले द्रावण फोम विरघळवते. त्याऐवजी फेविकॉलमध्ये थोडे पाणी आणि राखाडी ॲक्रिलिक रंग मिसळून पहिला हात द्यावा; त्याने भिंत कडकही होते. मग टेराकोटा, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणातून मूळ रंग करावा, आणि तो वाळल्यावर दर दहा विटांमागे दोन विटा फिक्या, एक काळपट अशा हिशेबाने सुट्या सुट्या रंगवाव्यात. फ्लेमिश बाँडमधली डोकी थोडी निळसर-करडी केली तर ती भट्टीत आगीजवळ जास्त भाजलेली वाटतात. जुन्या घरांत अशा विटा मुद्दाम निवडून नक्षीसारख्या मांडलेल्या असत. सांध्यांसाठी पांढरा रंग नको. जुन्या घरांतला चुना वाळूमुळे मळकट पिवळसर असतो, म्हणून वॉल पुट्टीत चिमूटभर पिवळी माती घालून ती पातळ करावी, बोटाने सांध्यांत भरावी आणि ओल्या फडक्याने विटांवरून पुसून काढावी. गवंडी दर्जा भरतात त्याच कामाची ही बारीक आवृत्ती आहे. शेवटी थोडा कोरडा गेरू मऊ ब्रशने इकडेतिकडे चोळावा. विटेचा लाल रंग ज्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो त्याचाच गेरूही असतो, त्यामुळे तो विटेवर परका दिसत नाही.

ओल, लोणा आणि काजळी यांना मात्र जागा ठरलेल्या असतात. जमिनीलगतच्या पाच-सहा थरांना हिरवट-काळी ओल, तिच्या वरच्या सीमेवर लोणा फुटल्याचे, म्हणजे क्षारांचे, पांढरे डाग, खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली पावसाच्या ओघळांच्या रेघा, आणि धुराड्याच्या तोंडाशी काजळी. इंग्लंडमधल्या घराची उत्तरेकडची बाजू कोणती हे आधीच ठरवून घ्यावे आणि शेवाळ त्या बाजूलाच जास्त ठेवावे.

या कामात शिकण्यासारखे सर्वांत मोठे उदाहरण मला ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयाचे वाटते. रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. त्या भागातली जुनी गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत हे पाहून त्यांनी १९३१ च्या सुमारास ती १:७६ मध्ये करायला घेतली. साहित्य काय, तर साधे कार्ड आणि जलरंग. त्या प्रमाणात विटेची उंची एक मिलिमीटरही भरत नाही, आणि तरीही भिंतीचे वय कळते. उलट्या टोकाचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी गावातले आहे. ह्यू कॉमस्टॉक यांनी १९२४ साली पत्नीच्या बाहुल्या मांडण्यासाठी परीकथेतल्यासारखे एक घर बांधले, पण ते माणसाला आत जाता येईल एवढे होते. स्वतः शिकलेले वास्तुशिल्पी नसूनही त्यांना पुढे गावात तशीच घरे बांधण्याची कामे मिळत गेली. त्या घरांची छायाचित्रे जरूर पाहावीत.

आता वेली. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव पेरतो तेव्हा मावळ्याच्या डोक्यावरून जाणारे गवत कोणाला खटकत नाही, पण इथे खटकते, कारण शेजारी वीट मापात असते. तिकडच्या भिंतींवर चढणाऱ्या आयव्ही या वेलीचे पान चार ते दहा सेंटिमीटरचे असते, म्हणजे १:२४ मध्ये दोन ते चार मिलिमीटर. स्पंजचा तुकडा पान म्हणून न दिसता स्पंज म्हणूनच दिसतो, त्याचे हेच कारण आहे. युरोपातले कारागीर यासाठी भूर्जवृक्षाच्या तुऱ्यांतली तीन टोकांची बारीक खवले वापरतात, जी हुबेहूब आयव्हीच्या पानासारखी असतात. भूर्ज हिमालयात आहे, माझ्या गॅलरीत नाही, म्हणून मी कागद वापरतो: पातळ कागद दोन्ही बाजूंनी तीन वेगवेगळ्या हिरव्यांत रंगवावा, त्याच्या अरुंद पट्ट्या काढून तिरक्या कात्रीने पाने कापावीत आणि प्रत्येक पान चिमट्याने मध्यावर किंचित दुमडावे. दूरदर्शनसमोर बसून एका संध्याकाळी दोनशे पाने होतात.

पण पानांआधी खोड. वेल जमिनीतून एकाच जागी निघते, तिथे ती जाड आणि तपकिरी असते, आणि वर जाताना फाटे फुटत ती बारीक होत जाते. तांब्याची बारीक तार पिळून किंवा सुतळीचे धागे फेविकॉलमध्ये बुडवून हा सांगाडा आधी भिंतीवर पूर्ण बसवावा, रंगवावा आणि एक दिवस तसाच पाहावा. ती खिडकीला वळसा घालते, पागोळीखाली पसरते, धुराड्याकडे एखादा हात टाकते. खालच्या खोडाजवळ पाने जवळजवळ नसतात; ती शेंड्यांकडे दाटतात. पाने लावताना खालून वर जावे, टोके खाली आणि थोडी बाहेर ठेवावीत, म्हणजे ती कौलांसारखी एकमेकांवर येतात. आधी गडद, मग मध्यम, आणि कोवळी पोपटी पाने फक्त शेंड्यांना. मधून मधून भिंत दिसू द्यावी; एवढ्या कष्टाने कोरलेल्या विटा झाकून टाकण्याचा मोह का होतो हे मला कळलेले नाही, पण तो प्रत्येकाला होतो.

झुडपांसाठी मात्र स्पंज चालतो. अंघोळीचा जुना स्पंज हिरव्या रंगात बुडवून, वाळवून मिक्सरमध्ये बारीक करावा (भांडे वेगळे ठेवावे, घरातली शांतता अमूल्य असते) आणि तुळशीच्या वाळलेल्या काड्यांवर फेविकॉलने धरावा. झाडाखालच्या पाचोळ्याला धुऊन कडक वाळवलेली चहाची पावडर छान दिसते. हे सगळे पक्के करायला फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाणी वर न थांबता भुशात झिरपते. जमिनीचा पोत देण्यासाठी रवा वापरा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. मी ऐकला होता. पहिल्याच पावसाळ्यात अंगणाला बुरशी आली आणि मुंग्यांनी पायवाट खाल्ली. चाळलेली नदीची वाळू कधी दगा देत नाही.

आपली रंगवलेली भिंत टाकून देण्याची गरज नाही. सांध्यांतल्या पांढऱ्यावर पातळ केलेली मळकट पुट्टी इतकी भरा की ती विटांच्या कडांवर थोडी चढेल, आणि पुसताना फडके कमी ओले ठेवा. त्याने सांधा विटेच्या पातळीवर येतो आणि रुंदी जाणवत नाही. दर दुसऱ्या थरात काही लांब विटांच्या मध्ये नवी रेघ मारून त्यांची दोन-दोन डोकी करा. खिडकीवरचे तीन थर कापून तिथे आइसक्रीमच्या काडीची तुळई बसवा. स्पंजची वेल काढताना काही ठिकाणी रंगाचा पापुद्राही निघून येईल. तो पुन्हा रंगवू नका. त्या जागी गेरू आणि थोडी काजळी चोळा आणि नव्या वेलीचे खोड तिथूनच न्या.