तुझा पाऊस कुठल्या तारखेचा?

प्रिय,

तुझं सवाना शहरावरचं प्रकरण दोनदा वाचलं. ‘सगळे म्हणतात वर्णन फार झालंय, छाटू का?’ असं विचारतेस. छाटायला वर्णन आहे कुठे त्यात? ‘गूढ’, ‘स्वप्नवत’, ‘काळ थांबलेला’... ही तुझ्या मनाची हकीकत झाली. अमेरिकेच्या जॉर्जियातलं ते शहर कुठंय?

ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना तू शेवाळ म्हटलंस, कारण ‘स्पॅनिश मॉस’ या नावात ‘मॉस’, म्हणजे शेवाळ, आहे. अगं, ती अननसाच्या कुळातली वनस्पती! बांडगुळासारखी झाडाचा रसही शोषत नाही. हवेतल्या ओलाव्यावर नि पावसावर जगते. भिजली की करडी बट हिरवट होते, वाळली की पुन्हा करडी. दोन वर्षं राहतेस तिथं, एकदा तरी बट पाण्यात बुडवून पाहिलीस? पाहिली असतीस तर ‘गूढ’ लिहावंच लागलं नसतं.

दिसेल त्या वस्तूला विचार, तू इथं कशी आलीस? नदीकाठच्या रस्त्याचे ओबडधोबड दगड जहाजांच्या तळाशी भार म्हणून आले. जॉर्जिया वसवणाऱ्या ओगलथॉर्पनं 1733 मध्ये चौक धरून शहर आखलं. तू त्याची ‘हिरवी शांतता’ करून मोकळी झालीस. एलिस चौकातला बाजार 1954 मध्ये पाडून तिथं गाड्या लावायची इमारत उठवली. तो चौक परत मिळायला 2010 उजाडलं, आणि गाड्या आजही त्याच्याच पोटात उभ्या असतात. हे लिही की!

चिडतोय, कारण मीही हेच करून बसलोय. तिथल्या जुन्या घरांची करडी वीट मला ‘मोहक’ वाटली, तसंच छापून आलं. ती वीट हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी पाडलेली, हे फार उशिरा कळलं. संपादकांना ललित हवं होतं, जागा जेमतेम होती, तेव्हा इंटरनेट नव्हतं... जाऊ दे. मी विचारलंच नव्हतं.

आणि शेवटच्या पानावरचा तो ‘हळुवार पाऊस’. मार्च 1859 मध्ये शहराबाहेर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, दोन दिवस 436 गुलाम माणसं लिलावाला काढली होती. तेव्हा तिथं धो धो कोसळत होता. तुझा पाऊस कुठल्या दिवशीचा? सापडला तर ठेव. नाहीतर पुढचा खर्डा त्याच्याविना पाठव, लवकर.