कॅम्पसवर शाळेची मुलं येतात, मग चौकशी कुणाकुणाची? – वाचकांचे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग शाळकरी मुलांसाठी शिबिरं लावतात, सायन्सचं, रोबोटिक्सचं, नाटकाचं, कुठे पोहण्याचं. यावेळी आलेली बरीच पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, पोलीस व्हेरिफिकेशन. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, मी एका कॉलेजात लॅब अटेंडंट आहे, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे सुट्टीत पाचवी ते आठवीच्या मुलांचं शिबिर असतं. यंदा ऑफिसने सगळ्यांकडून पोलीस व्हेरिफिकेशन मागितलंय, शिपायापासून प्रोफेसरपर्यंत. इतकी वर्षं इमानदारीने काम केल्यावर आता पोलीस स्टेशनची पायरी चढायची? घरात सगळ्यांनाच हे मनाला लागलंय. – एक वाचक, फोंडा

उत्तर : दादा, वाईट वाटणं मी समजू शकते, गावात पोलीस घरी येऊन गेला की शेजारीपाजारी काय विचारतात हे काय वेगळं सांगायला नको. पण हे तुमच्यावर कुणी संशय घेतलाय म्हणून नाहीये. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० च्या मार्चमध्ये आले, त्यात स्पष्ट लिहिलंय की जिथे मुलं राहतात किंवा नेहमी येतात अशा प्रत्येक संस्थेने, शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, काहीही असो, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि मागची माहिती तपासायची. शिकवणारा असो नसो, कायम असो की कॉन्ट्रॅक्टवर. आणि एकदाच करून भागत नाही, ठरावीक काळाने परत करायचं, त्यामुळे तुमची नोकरी किती जुनी हा प्रश्नच येत नाही. उलट तुमच्या ऑफिसने सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं हे मला फार बरं वाटलं, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त सिक्युरिटी गार्ड आणि सफाईवाल्यांचे कागद मागतात आणि सरांना कुणी हात लावत नाही, ते चुकीचं आहे.

फॉर्म भरताना एक करा, आधी जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते लिहा. कारण इथलं पोलीस स्टेशन इथलं बघणार, माणूस पाच वर्षं बेळगावला किंवा मुंबईला राहून आला असेल तर तिथून चौकशी होऊन यायला हवी, नाहीतर त्या कागदाला फारसा अर्थ नाही. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची देशपातळीवरची नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते, कॉलेजच्या ऑफिसला नेटवर शोधून मिळणार नाही, म्हणून पोलिसांकडे जाण्याला पर्याय नाही.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची. एका कॅम्पसवर दहा दिवसांच्या शिबिराला घालतोय. आयोजक म्हणाले आमच्या सगळ्या स्टाफचं व्हेरिफिकेशन झालंय, काळजी नको. मिस्टर म्हणतात मग बास, मला मात्र चैन नाही. आणखी काय विचारू? – एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, तुम्हाला चैन नाही ते बरोबरच आहे. व्हेरिफिकेशनचा कागद एवढंच सांगतो की या माणसावर पोलिसांकडे नोंद सापडली नाही. ज्याच्याविरुद्ध कुणी तक्रारच केली नाही त्याचाही कागद स्वच्छच येतो, आणि मुलांना त्रास देणाऱ्या माणसांबद्दल तक्रार व्हायला वर्षंच्या वर्षं जातात, कारण ती माणसं सगळ्यांना आवडणारी असतात, मदतीला धावणारी असतात. आपल्या मडगावचंच बघा. फ्रेडी पीट्स मुलांसाठी घर चालवायचा, लोक त्याला समाजसेवक समजायचे, १९९१ ला पकडला गेला तेव्हा कुठे आत काय चाललंय ते बाहेर आलं, १९९६ ला जन्मठेप झाली. पकडला जायच्या आदल्या दिवशी कुणी त्याच्या चांगुलपणाबद्दल चौकशी केली असती तर शेजाऱ्यांनी कौतुकच सांगितलं असतं. गोव्यात त्यानंतर २००३ ला मुलांसाठी वेगळा कायदा झाला, पणजीला मुलांचं स्वतंत्र कोर्ट आलं, हे सगळं चांगलंच आहे, पण कायदा घडून गेल्यावर धावतो आणि आपल्याला घडायलाच नको आहे.

म्हणून आयोजकांना कागदाच्या पुढचं विचारा. एखाद्या मोठ्या माणसाबरोबर एखादं मूल एकटं राहील अशी वेळ येते का, आणि येत असेल तर तेव्हा काय करता? चांगलं शिबिर असेल तर उत्तर लगेच मिळतं, की आमच्याकडे कायम दोन मोठी माणसं असतात, दार उघडं असतं. उत्तर द्यायला अडखळले किंवा "आमची माणसं तशी नाहीत" म्हणाले तर मी तरी मुलीला पाठवणार नाही.

मग प्रत्यक्ष जाऊन जागा बघा, लाजू नका. कॉलेजच्या लॅबमागे बहुतेक एक सामानाची खोली असते, काचा, रसायनं, जुनी कपाटं, खिडकी एकच आणि तीही उंचावर, दाराला आतून कडी. "चल गं, आतून बीकर आणूया" म्हणून मूल त्या खोलीत नेणं किती सोपं आहे. शिबिराच्या दिवसांत त्या खोलीला बाहेरून कुलूप आणि किल्ली एकाच जबाबदार बाईंकडे, एवढं मागायला काय हरकत आहे? मुलांचं टॉयलेट वेगळं आहे का स्टाफबरोबर एकच, पोहण्याचं असेल तर कपडे बदलायला कुठे पाठवतात, उशीर झाला तर मुलाजवळ कोण थांबतं, एखादे सर स्वतःच्या गाडीने सोडायला येतात का, ते येऊ नयेत. व्हॉट्सॲप ग्रुप पालकांचा हवा, सरांनी मुलीला वेगळा पर्सनल मेसेज करायचा नाही, फोटो काढून कुठे टाकणार तेही आधी विचारून घ्या.

आणि मदतीला येणारे एमएससीचे विद्यार्थी, रिटायर झालेले सर, कुणाचा तरी भाऊ जो कॅमेरा घेऊन फिरतो, हे पगारी कर्मचारी नाहीत, त्यामुळे नियमाच्या शब्दांतून सुटतात आणि त्यांचे कागद कुणीच बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे, मुलांजवळ जो जाणार त्याची चौकशी झालीच पाहिजे, पगार मिळो न मिळो. मिस्टरांना हे वाचायला द्या.

प्रश्न : मी एफवायला शिकवते. ॲडमिशनच्या वेळी आमची निम्मी मुलं सतरा वर्षांची असतात. ती मुलांमध्ये धरायची की नाही? सहकारी हसतात मला. – एक प्राध्यापिका, डिचोली

उत्तर : धरायची. पॉक्सोत १८ पूर्ण झाली नाहीत तो प्रत्येक जण मूल, गोव्याच्या २००३ च्या कायद्यातही तेच. कॉलेजात नाव घातलं म्हणून वय वाढत नाही. आणि शिक्षणसंस्थेतल्या स्टाफने केलेला गुन्हा कायदा जास्त गंभीर मानतो, शिक्षाही जास्त आहे. सहकाऱ्यांना हे सांगा, शिवाय याच नियमांत स्टाफला अधूनमधून ट्रेनिंग द्यायचं असंही आहे, प्रिन्सिपलना विचारा मागचं कधी झालं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात पीएचडी करतोय, तिथे शाळेच्या मुलांच्या समर कॅम्पला काम मिळालंय, तीन तीन सर्टिफिकेटं मागतायत, बोटांचे ठसेसुद्धा. काही लफडं तर नाही ना? – एक वडील, वास्को

उत्तर : अजिबात नाही, तिथे तोच नियम आहे. एक राज्य पोलिसांचं, एक मुलांच्या छळाच्या नोंदीत नाव नाही याचं आणि एक ठसे देऊन एफबीआयचं, दर पाच वर्षांनी परत. तिथे फक्त विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांशी काम असेल तर त्यातून सूट मिळते, तुमचा मुलगा शाळेच्या मुलांबरोबर असणार म्हणून मागतायत. निर्धास्त देऊ दे.

प्रश्न : नाव छापू नका. आमच्या विभागात एक सर आहेत, शिबिरात एका मुलीच्या बाबतीत जे ऐकलं ते सांगवत नाही. पुरावा माझ्याकडे नाही. हेडना सांगितलं, ते म्हणाले बघतो, संस्थेचं नाव जाईल, शांत राहा. मी माझं काम केलं ना? – एक वाचक, उत्तर गोवा

उत्तर : नाही हो. हेडना सांगितल्याने तुमची जबाबदारी संपत नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचं असतं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, ते पोलिसांचं. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, ते त्याच कलमात आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं दडवलं तर एक वर्षापर्यंत आणि दंडही, हे तुमच्या हेडना कदाचित माहीत नसेल.

मघाशी ज्या पेन्सिल्व्हेनियाबद्दल लिहिलं, तिथला बराचसा कडकपणा अशाच गप्प बसण्यातून आला. पेन स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलचा असिस्टंट कोच सँडस्की, १९९९ ला रिटायर झाला तरी कॅम्पसवर वावर चालूच. २००१ ला एकाने त्याला शॉवरमध्ये एका मुलाबरोबर बघितलं, वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना, पोलिसांना कुणीच नाही. पकडायला २०११ उजाडलं. मधली कित्येक वर्षं तो मुलांमध्येच होता. नंतर विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष धरून तिघा अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली.

तेव्हा वाट बघू नका. १०९८ ला फोन करा, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालतो, किंवा सरळ पोलीस स्टेशनला जा, काय ऐकलं, कुणाकडून, कधी, एवढंच लिहून द्या आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवा. मुलीला तुम्ही स्वतः काही विचारू नका, तिला परत परत तेच सांगायला लागू नये. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि युनिफॉर्म न घालता. तिचं नाव कुठे येत नाही, तुम्हीही स्टाफरूममध्ये ते उच्चारू नका. हेडना कळवायचंच असेल तर पोलिसांना कळवून झाल्यावर, लेखी.